जुन्या गोव्याचे सांता मोनिका

मंडळी, सुट्टीत पाहुणे आले की नईममधून गाडी काढून आपण सगळेच त्यांना कलात अल् बहरीन दाखवतो. 'पोर्तुगीज किल्ला' म्हणून फोटो होतात आणि आपण परत येतो. १५२१ ते १६०२ इथे पोर्तुगीजांचा अंमल होता आणि त्यांच्या पूर्वेकडच्या कारभाराची राजधानी होती गोवा. बहरीन त्यांच्या हातून गेल्यावर चारच वर्षांनी, १६०६ मध्ये, जुन्या गोव्यात सांता मोनिका हा सिस्टर लोकांचा मठ सुरू झाला. गावी जाताना गोव्यात उतरणारी आपली मंडळी बासिलिका बघून परत फिरतात. त्यांनी पुढे होली हिलची चढण चढावी, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

मठ स्थापन केला आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी. १६२७ मध्ये इमारत पुरी झाली. तीन मजले, मधोमध चौक, भोवती व्हरांडे, बाहेरून भिंतींना जाड टेकू. १६३६ साली आगीने मोठे नुकसान केले, तर पुढच्याच वर्षी पुन्हा बांधकाम सुरू! (आमच्या प्रोजेक्टला एवढ्या वेळात मंजुरीसुद्धा मिळत नाही.) पैसा कुठून आला? मठात येणाऱ्या मुलीबरोबर हुंडा यायचा. त्यातून मठाची मालमत्ता इतकी वाढली की शहराच्या नगरसभेने तक्रारी केल्या.

आता मुद्द्याची गोष्ट. १८३४ मध्ये पोर्तुगालने मठ बंद करायचा कायदा केला. पुरुषांचे मठ लगेच रिकामे झाले. सिस्टरांना मात्र राहू दिले. फक्त नवीन मुलगी घ्यायची नाही. म्हणजे शेवटची सिस्टर जाईल तेव्हा मठ संपणार. तो दिवस यायला पन्नास वर्षे लागली. शेवटची सिस्टर वारली १८८५ मध्ये. एकेक खोली बंद होत जाताना मागे राहिलेल्यांना काय वाटले असेल, हा विचार आमच्या डोक्यातून जात नाही.

शेजारीच सेंट ऑगस्टीनचा मठ होता. टेकडी तीच, जांभा दगडही तोच. तो १८३५ मध्ये रिकामा झाला आणि १८४२ मध्ये त्याच्या चर्चचे छत कोसळले. जांभ्याला चुन्याचा गिलावा लागतो. तो निघाला आणि गोव्याचा पाऊस आत शिरला की दगड झिजायला लागतो. सांता मोनिकात माणसे राहत होती, त्यामुळे गळती दिसत होती. सिस्टरांनंतर तिथे सैनिकांच्या बराकी आल्या. सजावटीचे हाल झाले असतील, पण छप्पर टिकले. १९६४ मध्ये तिथे सिस्टरांच्या शिक्षणासाठी मातेर देई इन्स्टिट्यूट सुरू झाली, म्हणजे घर पुन्हा सिस्टरांचेच झाले! २००२ पासून आवारात ख्रिस्ती कलेचे म्युझियमही आहे.

जाल तेव्हा आधी ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्यापाशी थांबा. त्याचा अर्धा भाग १९३१ मध्ये पडला. त्यातली घंटा १८७१ पासून पणजीच्या मोठ्या चर्चमध्ये आहे.