किल्लीची किल्ली पेटीबाहेर ठेवा

काही वकील आणि सीए मंडळींचे संगणक मी सांभाळतो. अशिलांशी होणारा ईमेल एन्क्रिप्ट करा, पासवर्ड मॅनेजर वापरा, हा आग्रह मी आजही धरतो. पण या दोन्हींची सांगड कशी घालायची, हे एका वकील स्नेह्यांच्या अनुभवातून नीट कळलं.

ईमेल एन्क्रिप्ट करणाऱ्या जीनूपीजी (पीजीपी पद्धतीच्या प्रोग्रॅम)ची त्यांची खासगी किल्ली, म्हणजे पत्रं उघडणारी फाइल, पेनड्राइव्हवर शाबूत होती. तिचा लांबलचक पासफ्रेज कीपासएक्ससी या पासवर्ड मॅनेजरमध्ये होता. रोज तिथूनच भरला जात असल्यामुळे तो पाठ असण्याचा प्रश्नच नव्हता. कीपासएक्ससीच्या फाइलची एकमेव प्रत त्यांनी स्वतःलाच एन्क्रिप्टेड ईमेलने पाठवून ठेवली होती. एके दिवशी लॅपटॉपची डिस्क गेली.

मोबाइलवर ओटीपी आला, मेलबॉक्स उघडला. ‘सुनावणीची तारीख’, ‘जबाबाचा मसुदा’ असे विषय दिसत होते, कारण विषयाची ओळ एन्क्रिप्ट झालेली नव्हती. पत्र उघडलं की मात्र अर्थहीन अक्षरांच्या ओळीच ओळी. किल्ली पासफ्रेज मागत होती, पासफ्रेज फाइलीत होता आणि फाइल त्याच किल्लीने बंद केलेल्या पत्रात. मेलबॉक्सचा पासवर्ड बदलून मिळतो. पीजीपीत ‘पासफ्रेज विसरलात?’ अशी सोयच नाही. ती पत्रं कायमची गेली.

म्हणून पहिला नियम: पासवर्ड मॅनेजरचा मुख्य पासवर्ड आणि किल्लीचा पासफ्रेज कागदावर लिहून घरच्या कपाटात किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. फाइलची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा, ईमेलमध्ये नको.

दुसरा धोका अति सोयीचा. लिनक्सवर पासफ्रेज विचारणाऱ्या चौकटीत बऱ्याचदा ‘पासवर्ड मॅनेजरमध्ये जतन करा’ असा पर्याय असतो. त्यावर खूण केली की पुढे पासफ्रेज विचारलाच जात नाही; उघड्या संगणकासमोर बसलेला कोणीही तुमची पत्रं वाचू शकतो. सामायिक कार्यालयात हा पर्याय नकोच. जीनूपीजी पासफ्रेज मुळात ६०० सेकंद लक्षात ठेवतो, कामाला तेवढं पुरतं.

थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅममध्ये २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून ओपनपीजीपी अंगभूत आहे. तिथे प्रायमरी पासवर्ड ठेवला नाही, तर प्रोफाइलचा फोल्डर उचलून नेणाऱ्याच्या हाती जतन केलेले पासवर्ड आणि किल्ल्या दोन्ही लागू शकतात. तो प्रायमरी पासवर्ड आधी लावा.

किल्ली रद्द करण्याचं प्रमाणपत्रही छापून ठेवा. त्याने जुनी पत्रं उघडत नाहीत, पण ही किल्ली आता वापरू नका, हे इतरांना खात्रीने कळवता येतं.

आणि एवढं कराच: विश्वासातल्या दुसऱ्या संगणकावर, फक्त तो कागद आणि किल्ली व फाइलची प्रत असलेले पेनड्राइव्ह हाती घेऊन, एक जुनं पत्र उघडून पाहा. काम झालं की तिथली किल्ली पुसून टाका. पत्र उघडलं, तरच तुमची व्यवस्था पक्की समजा.