बसणे आणि जुळणे

आपले चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे १९८२ सालापर्यंत एकच जिल्हा होते, आणि अरण्याचे वैभव आजही दोघांचे सामाईक आहे. या अरण्यामुळे हल्ली आपल्याकडील पुष्कळ घरांत कॅमेरा आला आहे. हिवाळ्यात मामा तलावांच्या पाळीवर पक्षी टिपावयाचे असोत, की ताडोबाच्या बाजूला चंद्रप्रकाशातील झाडाचे चित्र घ्यावयाचे असो, कॅमेरा स्थिर राहण्यासाठी तीन पायांचे आसन लागते. बाजारात त्यास ट्रायपॉड म्हणतात; आम्ही येथे तिपाई म्हणू. तिपाईचे सर्व भाग एकाच कंपनीचे घेण्याची ऐपत थोड्यांचीच असते. पाय एकीचे, त्यावरचे फिरते हेड दुसरीचे आणि कॅमेरा धरणारा क्लॅम्प तिसरीचा, अशी जुळवाजुळव बहुतेकांना करावी लागते. आमच्या निसर्ग मंडळाची तिपाईही देणगीदाखल आलेल्या अशाच भागांची आहे. असे भिन्न भाग कसे जोडावेत, आणि ते जोडताना आमच्या हातून कोणती चूक घडली, हे या लेखात सांगण्याचे योजिले आहे.

प्रथम स्क्रूचा विचार करू. कॅमेऱ्याच्या तळाशी आट्यांचे एक भोक असते. कॅमेरा जपानी असो वा जर्मन, हे भोक बहुधा पाव इंचाचे असते. तिपाईचे पाय व हेड यांना जोडणारा स्क्रू पुष्कळदा त्याहून जाड, म्हणजे तीन अष्टमांश इंचाचा असतो. आपले मिस्त्री इंचाचे आठ सूत धरतात. त्यांच्या भाषेत पहिला दोन सुती व दुसरा तीन सुती. दोन सुती स्क्रूवर एका इंचात २० आटे असतात, तीन सुतीवर १६. जगभरच्या कारखान्यांनी हीच मापे धरली आहेत, म्हणून एकाचे हेड दुसऱ्याच्या पायांवर बसते. हेडाचे भोक तीन सुती आणि पायांवरचा स्क्रू दोन सुती असेल, तर मध्ये आतून-बाहेरून आटे असलेले छोटे पितळी बुश घालावे. त्याची किंमत थोडी असते, पण त्यावाचून काम अडते.

हे ऐक्य आपोआप आलेले नाही. पूर्वी इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. मँचेस्टरचे यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतील स्क्रू जमविले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ साली सर्वांसाठी एकच माप सुचविले. त्यांच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा होता. पुढे १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा कोन सुचविला. दुसऱ्या महायुद्धात या भेदामुळे दोस्त राष्ट्रांस एकमेकांचे सुटे भाग वापरणे कठीण जाऊ लागले, तेव्हा १९४८ साली अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी एक सामाईक माप मान्य केले. आपल्या तिपाईचा स्क्रू याच कुळातील आहे.

येथे एक धोका ध्यानात ठेवावा. मूळचा स्क्रू हरवला की आपण हार्डवेअरच्या दुकानातून सहा मिलिमीटरचा बोल्ट आणतो. तो दिसण्यात दोन सुती स्क्रूसारखाच असतो. परंतु दोन सूत म्हणजे ६.३५ मिलिमीटर, शिवाय सहा मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टाचे आटे एक-एक मिलिमीटरवर असतात, तर दोन सुतीचे १.२७ मिलिमीटरवर. पाच मिलिमीटर खोलीत एकाचे पाच आटे होतात, दुसऱ्याचे जेमतेम चार. असा बोल्ट एक-दोन फेरे आत जातो व अडतो. तेथे पान्याने जोर दिला की कॅमेऱ्याच्या तळाचे आटे गेलेच म्हणून समजावे.

आता क्लॅम्पकडे वळू. कॅमेऱ्याच्या तळाशी एक चपटी प्लेट स्क्रूने बसवितात आणि ती प्लेट हेडावरील क्लॅम्पच्या दोन जबड्यांत धरतात. मुळात स्वित्झर्लंडमधील आर्का-स्विस या कंपनीने उतरत्या कडांची एक प्लेट प्रचारात आणली. तिची रुंदी सुमारे ३८ मिलिमीटर. इतर अनेक कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. परंतु स्क्रूच्या मापास जसे आंतरराष्ट्रीय मानक आहे, तसे या प्लेटीस नाही. म्हणून एकीची प्लेट केसभर रुंद, तर दुसरीची केसभर अरुंद निघते. क्लॅम्पही दोन जातींचे असतात. एकाचे जबडे मूठ फिरवून आवळतात. ते प्लेट सापडेपर्यंत सरकत जातात. दुसऱ्यास खटका असतो. तो ठरलेल्या रुंदीवरच मिटतो. प्लेट थोडी अरुंद असली तरी खटका पुरा मिटतो, आणि प्लेट घट्ट धरली गेली असे वाटते.

आमची फसगत येथेच झाली. गेल्या हिवाळ्यात आम्ही मुलांस घेऊन पक्षी पाहण्यासाठी एका तलावावर गेलो होतो. कॅमेरा व लांब लेन्स एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी विश्वासाने दिली होती. त्यांच्या प्लेटीच्या तळाशी, ती घसरू नये म्हणून, दोन बारीक खिळे होते. आमच्या क्लॅम्पमध्ये त्यांच्यासाठी खाच नव्हती, म्हणून आम्ही ते काढून टाकले आणि खटका मिटविला. नववीतील तो मुलगा म्हणाला, “सर, प्लेट किंचित हलते आहे.” आम्ही म्हणालो, “खटका पुरा मिटला आहे, आता हलणार नाही.” पाण्यावरील बदकांकडे लेन्स खाली झुकविताच कॅमेरा सरकला आणि पाळीवर पडला. लेन्सची पुढची कडी चेपली. मुलगा एक शब्दही बोलला नाही. त्याने रागावून काही म्हटले असते, तर आम्हांस बरे वाटले असते.

सायंकाळी आम्ही त्याच्या घरी जाऊन झाला प्रकार सांगितला. वडील कोळसा खाणीच्या वर्कशॉपात फिटर आहेत. त्यांनी दोष दिला नाही. आतून व्हर्नियर कॅलिपर आणून त्यांनी प्लेट मोजली, मग मिटलेल्या क्लॅम्पचे तोंड मोजले. दोहोंत जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचे अंतर निघाले. ते म्हणाले, “सर, बसणे वेगळे अन् जुळणे वेगळे जी. पोरगा हलते म्हणाला, तेव्हाच मोजायचे होते.” दुरुस्तीचा खर्च आम्ही दिला, पण त्या वाक्याची किंमत त्याहून मोठी आहे, असे आम्हांस वाटते.

तेव्हापासून आमच्या मंडळात पुढील क्रम पाळला जातो. भाग जोडण्यापूर्वी ते मोजावेत. स्क्रू प्रथम केवळ बोटांनी फिरवावा. तीन-चार फेरे सहज गेला नाही, तर माप चुकले असे समजून थांबावे. प्लेटीचे खिळे काढू नयेत. ते अडत असतील तर क्लॅम्प बदलावा. भिन्न कंपन्यांचे भाग असल्यास खटक्याऐवजी मुठीचा क्लॅम्प घ्यावा. लेन्स जड असून तिला स्वतःचा पाया असेल, तर प्लेट त्या पायास लावावी, म्हणजे भार मध्यावर येतो. शेवटी पट्टा गळ्यात ठेवूनच कॅमेरा हलवून पाहावा. मगच हात सोडावा.

केसभर अंतराचे मोल मोठमोठ्या नगरांनीही दिले आहे. १९०४ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतील बाल्टिमोर शहरास आग लागली. शेजारच्या शहरांतून बंब धावून आले, परंतु पुष्कळांच्या नळ्यांची तोंडे तेथील पाण्याच्या नळांस बसेनात. दीड हजारांहून अधिक इमारती जळाल्या. मदत आली होती, पाणी होते, माणसेही होती. केवळ जोड जुळत नव्हता.

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात एका शरीराच्या अनेक अवयवांचा दृष्टांत दिला आहे. शाळेचे उपासनामंदिर सोडून वर्कशॉपातही तो दृष्टांत आठवेल, असे आम्हांस पूर्वी वाटले नव्हते. भिन्न ठिकाणाहून आलेले भाग एकत्र काम करू शकतात; त्यासाठी मोजमाप, मधले बुश आणि धीर लागतो, बळजबरी नव्हे. आणि कोणी लहान मुलगा “हलते आहे” असे म्हणाला, तर मोठ्यांनी हातातील काम थांबवून पाहावे. आमच्या मंडळात तिपाई तपासण्याचे काम आता त्याच मुलाकडे आहे. त्याने मान डोलावल्याशिवाय आम्हीही कॅमेऱ्यावरचा हात काढीत नाही.