बारावीनंतर कोणता कोर्स ? सभासद पालकांसाठी माहिती



या सदरातून आपण एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी बोलतो. पण बारावीचा निकाल लागला की गट ऑफिसात उसापेक्षा दुसऱ्याच प्रश्नाची चौकशी जास्त होते : "साहेब, पोराला कशाला घालावं ?" मी काही शिक्षणखात्यातला माणूस नव्हे. कृषी पदविका घेऊन या खात्यात नोकरी करतो. तरी पण कारखान्याच्या कामातून जे दिसते आणि नियमांत जे लिहिलेले आहे ते सभासदांपर्यंत नीट पोहोचावे, म्हणून हा पाठ.

हंगाम आधी ठरवा

आपण लागणीचा हंगाम कसा ठरवतो ? आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात राहतो, पाणी भरपूर लागते, पण टनेज चांगले पडते. सुरू बारा महिन्यांत तुटतो. ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी नाही त्याने शेजाऱ्याचे बघून आडसाली लावली तर ऊस वाळतो. यात आडसालीचा काय दोष ?

कोर्सचेही तसेच आहे. दहावीनंतर आयटीआय एक-दोन वर्षांचा. दहावीनंतर इंजिनिअरिंगची पदविका तीन वर्षांची. बारावीनंतर इंजिनिअरिंगची पदवी चार वर्षांची, बी. एस्सी. कृषी चार वर्षांची. नव्या शैक्षणिक धोरणात बी. एस्सी., बी. कॉम. यांना तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स घेता येते. पदविका झालेल्या मुलाला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणून पदविकेला कमी लेखू नका. घरची ऐपत आणि मुलाचा कल यांवरून हंगाम निवडावा. भावकीतला कोण कुठे गेला यावरून निवडू नये.

इंजिनिअरिंग : आपल्याच कारखान्यात फिरून बघा

शाखांची नावे ऐकून पालक गोंधळतात. त्यांनी गाळप चालू असताना मुलाला घेऊन एकदा कारखाना बघावा. गव्हाण, मिल, बॉयलर, टर्बाइन इथे मेकॅनिकलचे काम. सहवीज निर्मिती आणि मोटारी म्हणजे इलेक्ट्रिकल. रस तापवणे, निवळणे, आटवणे, पॅनमध्ये दाणा धरणे हे केमिकलचे. आता बहुतेक यंत्रणा एका खोलीत बसून पडद्यावर चालवतात, ते इन्स्ट्रुमेंटेशन. वजनकाट्यापासून ऊस बिलापर्यंतची नोंद म्हणजे कॉम्प्युटर. इमारती, पाया आणि सांडपाण्याच्या टाक्या सिव्हिलच्या. मुलगा कुठे थांबून प्रश्न विचारतो ते बघा, निम्मा निर्णय तिथेच होईल.

आज सगळ्यांचा ओढा कॉम्प्युटरकडे आहे. ती शाखा वाईट नाही. पण गणिताचा कंटाळा असलेल्या पोराला नुसत्या नावासाठी तिथे घालणे म्हणजे चोपण जमिनीत बागाईत करणे. पदवीनंतर साखर धंद्यातच यायचे असेल तर मांजरी (पुणे) येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, जी १९७५ साली सुरू झाली, आणि कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था या दोन ठिकाणी साखर तंत्रज्ञान, साखर अभियांत्रिकी व मद्यार्क तंत्रज्ञानाचे खास शिक्षण मिळते. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकलचे इंजिनिअर आणि रसायनशास्त्राचे पदवीधर, सगळ्यांना त्यात वाट आहे.

एक इतिहास ध्यानात ठेवा. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. त्यानंतर साखर कारखान्यांच्या परिसरातही कॉलेजे उभी राहिली आणि शेतकऱ्याच्या पोराला मुंबई-पुण्याला न जाता इंजिनिअर होता आले. ही मोठी सोय झाली. पण त्याचबरोबर कॉलेज पारखून घेण्याची जबाबदारीही पालकांवर आली. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

विज्ञान : नुसती बी. एस्सी. म्हणून नाक मुरडू नका

२००२ साली लोकरी मावा आला तेव्हा सगळा ऊसपट्टा हादरला होता. पाने काळी पडली, फवारे मारून लोक थकले. मावा आटोक्यात आणायला मोठी मदत झाली ती डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांची. त्यांची ओळख पटवून, ते वाढवून शेतात सोडण्यामागे कीटकशास्त्र शिकलेल्या माणसांचे काम होते. विज्ञान असे बांधावर येते.

कारखान्याच्या लॅबमध्ये ब्रिक्स, पोल, शुद्धता काढणारा केमिस्ट रसायनशास्त्राचा. मळीपासून अल्कोहोल करताना यीस्ट सांभाळणारा सूक्ष्मजीवशास्त्राचा. ऊतिसंवर्धित रोपे आणि जिवाणू खते करणाराही याच घरातला. बी. एस्सी.नंतर एम. एस्सी. किंवा एखादे खास प्रशिक्षण घ्यायची तयारी मात्र हवी, कारण नुसत्या पदवीवर काम मिळणे अवघड जाते. शेतीची आवड असेल तर राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही आपली चार कृषी विद्यापीठे आहेत. त्यांचे प्रवेशही सीईटीच्या गुणांवर होतात.

वाणिज्य आणि व्यवस्थापन

सहकारात माणसे लागतात ती हिशेब समजणारी. बी. कॉम. करून जी. डी. सी. अँड ए. ही सहकार खात्याची परीक्षा दिलेला मुलगा सोसायटी, पतसंस्था, बँक, कारखाना कुठेही उपयोगी पडतो आणि पुढे लेखापरीक्षक होऊ शकतो. पुण्याची वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी प्रबंध संस्था सहकाराच्या व्यवस्थापनासाठीच आहे. गुजरातेत आणंद येथे २०२५ साली संसदेच्या कायद्याने त्रिभुवन सहकारी विद्यापीठ स्थापन झाले. अमूलच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा, त्या त्रिभुवनदास पटेलांचे नाव त्याला दिले आहे.

बीबीए आणि बीसीए हे पदवी कोर्स २०२४ पासून एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि आपल्या राज्यात त्यांनाही सीईटी सुरू झाली. काही कॉलेजे हेच शिक्षण दुसऱ्या नावाने देतात. म्हणून नाव न बघता पदवी कुठल्या विद्यापीठाची ते विचारा. एमबीए करायचे तर आधी दोन वर्षे कुठेतरी काम करावे असे माझे मत आहे. ज्याने माल विकला नाही त्याला विक्रीचे पुस्तक कोरडेच लागते.

पर्यटन : फिरण्याचा कोर्स नव्हे

हे शिक्षण म्हटले की गावात हसतात. पण जरा आसपास बघा. अजिंठा-वेरूळची लेणी १९८३ साली जागतिक वारसा यादीत गेली. २०१२ साली पश्चिम घाट गेला, त्यात कास पठार आले. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांतले अकरा आपल्या राज्यात आहेत. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले आणि शेतकऱ्याला आपल्या शेतावरच रीतसर नोंदणी करून पाहुणे ठेवता येऊ लागले. आपल्याकडची चुलीवरची भाकरी आणि गुऱ्हाळ बघायला शहरातला माणूस पैसे देतो, मग त्याचा हिशेब, स्वच्छता आणि बोलणे सांभाळणारे शिकलेले माणूस आपल्याच घरातले का नसावे ?

ग्वाल्हेरची भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था १९८३ पासून हे शिक्षण देते. हॉटेल मॅनेजमेंटसाठी मुंबईत दादरची सरकारी संस्था १९५४ पासून आहे, तिथे देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून जावे लागते. अभ्यासात तिकिटे, हिशेब, स्वयंपाक, भाषा, पाहुण्यांची व्यवस्था असे सगळे येते. एक गोष्ट मुलाला स्पष्ट सांगा : दिवाळीत आणि मे महिन्यात लोक सुट्टीवर असतात तेव्हा या धंद्यात भर हंगाम असतो. जसा आपला गळीत हंगाम.

कॉलेज कसे पारखावे ?

बेणे घेताना आपण डोळे बघतो, वय बघतो, कोणत्या मळ्यातले ते विचारतो. गुळगुळीत माहितीपत्रक बघून भुलू नये. एवढे तपासावे :

१) विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का. यूजीसी बोगस विद्यापीठांचीही यादी काढते, तीही बघा. इंजिनिअरिंग आणि व्यवस्थापनाला एआयसीटीईची मान्यता लागते.

२) मान्यता कॉलेजला आहे म्हणजे प्रत्येक कोर्सला आहे असे नाही. आपल्या शाखेचे नाव यादीत आहे का ते वाचा.

३) क्रेडिट किती. एक क्रेडिट म्हणजे सत्रात साधारण पंधरा तास वर्ग किंवा तीस तास प्रात्यक्षिक. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० क्रेडिट लागतात. "सहा महिन्यांत डिग्री" म्हणणाऱ्याला हा हिशेब विचारा.

४) प्रयोगशाळा आणि वर्कशॉप स्वतः जाऊन बघा. यंत्रावर धूळ असेल तर काय समजायचे ते आपल्याला सांगायला नको.

५) देणगी मागितली तर देऊ नका. १९८७ च्या राज्य कायद्याने ती घेणे गुन्हा आहे. फी जितकी मंजूर आहे तितकीच, आणि तीही पावतीवर. मूळ दाखले तपासून परत घ्या, ते अडकवून ठेवायला यूजीसीने मनाई केली आहे.

पैशाचा हिशेब

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. समजा फी वर्षाला एक लाख आणि वसतिगृह-मेस ऐंशी हजार. चार वर्षांचे ७ लाख २० हजार झाले. आता समजा एकरी ४० टन ऊस, भाव ३,००० रुपये, म्हणजे १ लाख २० हजार. त्यातून लागण, खत, पाणी, मजुरी असा ६० हजार खर्च जाता ६० हजार उरले. म्हणजे तीन एकर उसाचे सगळे निव्वळ उत्पन्न चार वर्षे एका मुलाच्या शिक्षणाला लागले. घर कशावर चालणार ? हा आकडा प्रत्येकाने आपल्या रानाप्रमाणे कागदावर मांडावा.

दुसरी अडचण वेळेची. फी भरायची असते जुलै-ऑगस्टात. ऊस बिल येते हिवाळ्यात-उन्हाळ्यात आणि त्यातून सोसायटीची वसुली जाते. पावसाळ्यात हात रिकामा, मग माणूस सावकाराकडे जातो किंवा पीक कर्ज काढून फीला लावतो. तसे करू नका. पिकाला खत मिळत नाही आणि पुढचे टनेज बुडते. मूल दहावीत असतानाच बिलातून थोडी रक्कम वेगळी ठेवायला लागा. कमी पडेल त्यासाठी बँकेचे शैक्षणिक कर्ज घ्या, ते याच कामासाठी आहे आणि त्याची परतफेड शिक्षण संपल्यावर सुरू होते. जमीन विकून फी भरण्याचा विचार शेवटचा.

सरकारी सवलतीही सोडू नका. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातील आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना, शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीतून व्यावसायिक कोर्सला प्रवेश मिळाला तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला ही माफी नाही. म्हणून फेरी टाळून घाईने जागा घेऊ नका. "पोरीला एवढं शिकवून काय करायचं" म्हणणाऱ्या सभासदांना माझी विनंती आहे की निदान खर्चाचे कारण तरी आता पुढे करू नका. त्या मुलीचे गुण आणि आवड बघा आणि पोराला लावता तोच हिशेब तिला लावा.

आता लगेच करायची कामे

उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला व जात वैधता आणि लागू असेल त्यांनी नॉन-क्रिमिलेअर, हे कागद मूल अकरावीत असतानाच काढायला घ्यावेत. गुण असून कागदापायी जागा जाते, ही गोष्ट दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात घडते. जात वैधतेला वेळ लागतो आणि निकालानंतर तहसीलला रांगा लागतात. सीईटीचा फॉर्म मुलाने स्वतः भरावा. पालकाने शेजारी बसून नाव, जन्मतारीख आणि प्रवर्ग दाखल्याशी ताडून बघावा.

ज्यांना पूर्णवेळ कॉलेज जमत नाही त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. शेती करत पदवी घेता येते आणि तिची किंमत कमी नाही.

शंका असतील त्या सभासदांनी आपल्या गटाच्या शेतकी मदतनीसाकडे लिहून द्याव्यात. पुढील अंकात आपण खोडव्यातील पाचट व्यवस्थापन घेऊ.

आपला,
ऊस विकास अधिकारी