खेळाडूंच्या मेंदूची तालीम : मोबाईल ॲपची रचना आणि मैदानाची कसोटी

निवासी शाळेचे मैदान ही तिची दुसरी वर्गखोलीच असते. सकाळच्या वंदनेनंतर मैदानावर धावणारी मुले सुट्टीत घरी जातात, तेव्हा त्यांच्या हाती मोबाईल येतो आणि त्यावर जाहिराती दिसतात. रोज काही मिनिटे हा खेळ खेळा, मेंदू तल्लख होईल, मैदानावर तुम्ही इतरांच्या पुढे जाल, असा त्यांचा सूर असतो. पालकांना प्रश्न पडतो की, यासाठी पैसे भरावेत का? संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना वेगळा प्रश्न पडतो : आपल्या खेळाडूंसाठी आपणच असे ॲप तयार केले तर? प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रश्नांचा एकत्र विचार केला आहे. कारण चांगले ॲप कसे रचावे हे ज्याला कळले, त्याला फसवे ॲपही ओळखता येते.

खेळात मेंदूचे काम कोणते?

क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे २०.१२ मीटर लांब असते. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू फलंदाजापर्यंत सुमारे अर्ध्या सेकंदात पोहोचतो. डोळ्यांना दिसलेल्या साध्या खुणेला बोटाने प्रतिसाद द्यायलाही माणसाला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. उरलेल्या अवधीत चेंडूची दिशा ओळखणे, फटका निवडणे आणि बॅट फिरवणे हे सारे उरकावे लागते. म्हणून उत्तम फलंदाज चेंडू सुटण्याची वाट पाहत नाही. गोलंदाजाचा हात व मनगट पाहूनच तो अंदाज बांधू लागतो. ॲबरनेथी आणि रसेल यांनी १९८७ साली बॅडमिंटनपटूंवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत नवखे खेळाडू मुख्यतः रॅकेटवरून अंदाज बांधत, तर निष्णात खेळाडू रॅकेटबरोबर हाताच्या हालचालीतूनही माहिती घेत, असे आढळले.

याचा अर्थ असा की, निष्णात खेळाडूचे वैशिष्ट्य केवळ 'वेगवान मेंदू' हे नसते. कोठे पाहावे आणि पाहिलेल्याचा अर्थ काय लावावा, हे त्याला कळलेले असते. हे ज्ञान त्या त्या खेळाचे असते.

एका सरावाचा लाभ दुसरीकडे पोहोचतो का?

मेंदू-प्रशिक्षणाच्या साऱ्या व्यवसायाचा पाया या एका प्रश्नावर उभा आहे. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ सालीच याचा शोध घेतला होता. एका प्रकारच्या आकृत्यांचे क्षेत्रफळ अंदाजाने सांगण्याचा सराव केलेल्या व्यक्तींना वेगळ्या आकाराच्या आकृत्यांबाबत त्याचा फारसा उपयोग झाला नाही. सरावाचे काम आणि प्रत्यक्ष काम यांत जितके समान घटक, तितकाच लाभ पुढे जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे २०१० साली 'नेचर' या नियतकालिकात ओवेन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात ११,४३० प्रौढांनी सहा आठवडे संगणकावर मेंदूचे खेळ खेळले. ज्या खेळांचा सराव केला त्यांत त्यांची प्रगती झाली. मात्र सराव न केलेल्या, अगदी जवळच्या कसोट्यांतही त्या सरावाचा लाभ दिसला नाही.

जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने 'ल्युमोसिटी' या प्रसिद्ध ॲपच्या कंपनीवर फसव्या जाहिरातींचा आरोप ठेवला आणि कंपनीने २० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. शाळेत, कामावर आणि खेळांत कामगिरी सुधारेल, हा दावा आक्षेपार्ह ठरलेल्या दाव्यांपैकी एक होता. पडद्यावरचे गुण वाढले म्हणजे मैदानावरचा खेळ सुधारला, असे मानणे हीच यातील मूळ चूक होय.

मग ॲपमध्ये काय असावे?

वरील विवेचनातून रचनेचा पहिला नियम निघतो : सराव खेळासारखा असावा. रंगीत चौकोन व उडते आकडे यांऐवजी खेळातील प्रत्यक्ष प्रसंग असावेत. आपल्या मुलांच्या जिव्हाळ्याची कबड्डी उदाहरणादाखल घेऊ.

चढाईपटूला ३० सेकंदांचा अवधी असतो. तो बोनस रेषेकडे जाणार, हाताने स्पर्श करणार, पाय टाकणार की परत फिरणार, हे बचावपटूने आधीच ओळखायचे असते. शाळेच्या मैदानावर अशा चढायांचे मोबाईलने चित्रण करावे. कॅमेरा प्रेक्षकाच्या जागी न ठेवता बचावपटूच्या जागी, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरावा. चढाईपटूची निर्णायक हालचाल सुरू होताच चित्रण थांबेल, पडदा काळा होईल आणि विद्यार्थ्याने पुढील हालचाल सांगायची. नंतर उरलेले चित्रण दाखवावे, म्हणजे आपला अंदाज कोठे चुकला, कंबर पाहायची राहिली की पाय, हे त्याला कळेल. अशा सरावाने अंदाज सुधारल्याचे अनेक प्रयोगांत दिसले आहे. तरी सामन्यातील लाभ प्रत्येक खेळात स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

येथे एक दक्षता आवश्यक आहे. तेच तेच प्रसंग पाहून मुले उत्तरे पाठ करतात. म्हणून ६० प्रसंग जमवले, तर त्यांतील २० परीक्षेसाठी राखून ठेवावेत आणि त्यांतील चढाईपटूही वेगळे असावेत.

काय मोजावे, काय मोजू नये?

बहुतेक ॲपे प्रतिक्रियेचा वेळ मोजून गुण देतात. धावण्याच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत इशाऱ्यानंतर ०.१०० सेकंदाच्या आत सुटणाऱ्या धावपटूची सुरुवात चुकीची धरली जाते. तेथे त्यासाठी खास यंत्रणा असते. साधा मोबाईल ही तशी यंत्रणा नव्हे. सेकंदाला ६० वेळा बदलणाऱ्या पडद्यावर प्रत्येक चित्र सुमारे १७ सहस्रांश सेकंद टिकते आणि बोटाचा स्पर्श नोंदवायला त्याहून अधिक वेळ लागू शकतो. हा विलंब प्रत्येक मोबाईलमध्ये निराळा असतो. वडिलांचा जुना मोबाईल वापरणारा मुलगा महागडा मोबाईल असलेल्या मुलापेक्षा 'मंद' ठरला, तर तो दोष यंत्राचा असेल. गुणतक्त्यात मात्र तो मुलाच्या नावावर चढेल. म्हणून अंदाज बरोबर की चूक हेच मोजावे आणि विद्यार्थ्याची तुलना त्याच्या स्वतःच्या मागील नोंदीशीच करावी.

दाव्याची कसोटी

केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी परंपरा, ग्रंथ किंवा गुरूचा अधिकार एवढ्यावरच विसंबू नका, असा उपदेश केला. ॲप तयार करणाऱ्याने तो प्रथम स्वतःला लावावा. कसोटी अवघड नाही. खेळाडूंचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. एका गटाने ॲपवर सराव करावा, दुसऱ्याने तेवढाच वेळ कबड्डीचे सामने पाहावेत. मैदानावरील सराव दोघांचा सारखाच असावा. सहा आठवड्यांनी प्रत्यक्ष खेळातील बचावाचे गुण अशा शिक्षकांनी द्यावेत, ज्यांना कोण कोणत्या गटात होते हे ठाऊक नाही. दोन्ही गट सारखेच ठरले, तर तसे प्रांजळपणे सांगावे. गटात दहा-बाराच मुले असतील, तर फरक दिसला तरी निष्कर्ष जपूनच काढावा.

सोणाची वीणा

भिक्खू सोण राजगृहाजवळील सीतवनात इतक्या आवेशाने चंक्रमण करी की त्याचे पाय रक्तबंबाळ झाले. तो पूर्वाश्रमीचा वीणावादक होता. वीणेच्या तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर सूर लागतो का, असे तथागतांनी त्याला विचारले. आपल्या ॲपनेही हा प्रश्न लक्षात ठेवावा. दहा मिनिटे झाली की ते आपोआप बंद व्हावे. एक दिवस चुकल्यास शिक्षा, रोज येण्याचे आमिष, रात्री वाजणाऱ्या सूचना यांना त्यात स्थान नसावे. झोपेची वेळ खाऊन घेतलेला सराव खेळाडूचे नुकसानच करतो.

मनाच्या तालमीची आपल्याकडे आणखी एक वाट आहे. अमेरिकेतील मायामी येथील विद्यापीठीय फुटबॉलपटूंवर चार आठवड्यांचा एक प्रयोग झाला आणि २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात १०० खेळाडूंपैकी काहींनी सजगतेचा, तर काहींनी शरीर शिथिल करण्याचा सराव केला. खडतर प्रशिक्षणाच्या त्या काळात सजगतेचा सराव अधिक नेमाने करणाऱ्यांचे अवधान अधिक टिकून राहिले. लाभ नेमाचा होता, हे ध्यानात घ्यावे. ज्या शाळेत आनापानसती दिनक्रमाचा भाग आहे, तेथे त्यासाठी निराळे ॲप घेण्याची गरज नाही.

मुलांची माहिती

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते. तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते आणि बालकांना उद्देशून जाहिराती करण्यास मनाई आहे. म्हणून नोंदी शक्यतो मोबाईलमध्येच राहाव्यात, नाव विचारू नये आणि पालकाने सांगताच सारे पुसले जावे. सरावातील नोंदींवरून संघाची निवड तर कधीच करू नये. तसे झाले की मूल चुका लपवायला शिकते.

पालकांसाठी

एखादे ॲप घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. सराव आपल्या मुलाच्या खेळासारखा आहे का? लाभ पडद्यावर मोजला की मैदानावर? तो कोणी मोजला, विकणाऱ्याने की त्रयस्थाने? आणि मुलाची माहिती कोठे जाते? समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत, तर ते पैसे चांगले बूट, सकस आहार आणि स्पर्धेच्या प्रवासखर्चासाठी राखावेत. आपल्या समाजातील बहुतेक घरांत हा पैसा कष्टाचा असतो आणि मुलाच्या उत्कर्षाच्या आशेने तो खर्च होतो. त्या आशेचा व्यापार होऊ नये.

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम हाती घेतले, तर ते स्वागतार्हच आहे. सुरुवात एका खेळापासून, एका मैदानापासून आणि अवघ्या ६० चित्रणांपासून करता येईल. दहा मिनिटांनी ॲप बंद होईल आणि मूल पुन्हा मैदानात उतरेल, एवढे साधले तरी रचना योग्य दिशेने आहे, असे समजावे.