मधुमेह, हिरड्या आणि मिस्वाक

मधुमेह जडलेला मनुष्य पायांना जपतो, डोळे तपासून घेतो, मूत्रपिंडांची चिंता वाहतो. तोंड मात्र त्याच्या हिशेबात नसते. दात हलू लागला की ‘वय झाले’ असे म्हणून तो स्वतःचे समाधान करून घेतो. हा समज घातक आहे. हॅराल्ड लोए या दंतशास्त्रज्ञाने १९९३ मध्येच हिरड्यांच्या विकाराला, म्हणजे आपण ज्याला पायोरिया म्हणतो त्याला, मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटले होते.

असे का घडते? रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात, जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात, लाळही कमी होते. दात आणि हिरडी यांच्या सांध्यात साचलेल्या थरातील जंतूंना मग मोकळे रान मिळते. हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. हे सारे बहुधा वेदनेवाचून चालते. पुढची गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते: हिरड्यांचा हा दाह उलटून साखरेवर येतो. दाहातून निर्माण होणारी द्रव्ये रक्तात मिसळून इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. म्हणूनच हिरड्यांवर उपचार केल्यानंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ टक्क्याच्या आसपास उतरल्याचे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात आढळले आहे. गोळ्या नियमित घेऊनही साखर उतरत नसेल, तर एकदा आरशासमोर तोंड उघडून पाहावे.

आपल्याकडे दंतशुद्धी इबादतीशी जोडलेली आहे. उम्मतीला जड गेले नसते तर प्रत्येक नमाजीच्या वेळी मिस्वाकचा आदेश दिला असता, या आशयाची हदीस सर्वांच्या परिचयाची आहे. प्रेषित मुहम्मद (स.) घरात येताच प्रथम मिस्वाक करीत, असे ह. आयेशा (रजि.) सांगतात. दूध प्याल्यावर त्यांनी पाणी मागवून चूळ भरली, कारण दुधात स्निग्धता असते, हे बुखारीत आलेले आहे. या हदीसकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते. इफ्तारची खजूर तर दुधाहून चिकट. ती खाऊन मगरिबला उभे राहण्यापूर्वी चूळ भरण्यास कितीसा वेळ लागतो?

तथापि मिस्वाक ओठांच्या मागे दोन वेळा फिरवून खिशात टाकणे म्हणजे दंतशुद्धी नव्हे. पीलूची काडी चावून तिचे तंतू मऊ करावेत, हिरडीवर घासाघीस न करता दातांच्या मुळाशी हळुवार फिरवावेत आणि वापरलेले टोक वरचेवर कापून टाकावे. दोन दातांच्या फटीत व मागच्या दाढांच्या आतल्या बाजूला काडी नीट पोहोचत नाही. तेथे बारीक ब्रश किंवा धागा लागतो, आणि दिवसातून दोनदा फ्लोराइडची पेस्टही लागते. मिश्री लावण्याची सवय मात्र सोडलीच पाहिजे. ती भाजलेली तंबाखूच असते. तंबाखूने हिरडीतील रक्तप्रवाह आक्रसतो, रक्त येत नाही आणि आजारी हिरडी निरोगी भासते.

रमजानमध्ये काही जण रोजेदाराच्या तोंडाच्या वासाचे महत्त्व सांगून दिवसभर तोंडच स्वच्छ करीत नाहीत. हनफी मतानुसार रोजात मिस्वाक केव्हाही करता येते. कोकणातील आपले शाफई बांधव दुपार ढळल्यानंतर ते टाळतात. सहेरीनंतर आणि रात्री निजण्यापूर्वी पेस्टने दात घासण्यास कोणाचीच हरकत नाही. हिरडीतून रक्त आले तर ते थुंकून टाकावे, गिळू नये. मधुमेह्याने रोजा ठेवावा की नाही, हा प्रश्न वेगळा असून तो आधी आपल्या डॉक्टरांपुढे मांडावा.

कवळी वापरणाऱ्यांनी ती रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी. साखर वाढलेल्या तोंडात कवळीखाली बुरशी लवकर धरते. दंतवैद्याकडे जाताना शक्यतो सकाळची वेळ घ्यावी, नाश्ता आणि नेहमीचे औषध चुकवू नये, अन्यथा खुर्चीवरच साखर एकदम उतरण्याचा धोका असतो. साखरेचा ताजा अहवाल सोबत न्यावा आणि ‘मला मधुमेह आहे’ हे त्यांनी विचारण्यापूर्वीच सांगावे.