टेस्ट प्रोजेक्टमध्ये ‘रेफरन्स मिसिंग’ येतंय? आधी नाव वाचा

कृषी सेवा केंद्राचं बिलिंग सॉफ्टवेअर ओळखीच्या पोराकडून बनवून घेणारे आपल्यात बरेच आहेत. त्यांना मी एकच सांगतो, सोबत युनिट टेस्ट पण लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक संचावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे १०,००० च्या संचावर १,२०० ऐवजी ५०० रुपये. बियाण्याला शून्य, खताला ५, रासायनिक कीटकनाशकाला १८. एक दर बदलताना दुसरा बिघडला का, हे टेस्ट काही सेकंदांत सांगते. नाहीतर ते गिऱ्हाईक सांगतं, किंवा रिटर्न भरताना कळतं.

आता अडचण. सी शार्पचा प्रोजेक्ट आपल्या लॅपटॉपवर व्हिज्युअल स्टुडिओत उघडला की टेस्टमध्ये लाल रेघाच रेघा. खाली एरर सीएस०२४६, म्हणजे अमुक नाव सापडलं नाही. इथे बरेच जण टेस्ट प्रोजेक्टच काढून टाकतात आणि म्हणतात, बिल्ड झालं! तसं करू नका. तुमचा हिशोब चुकला असं ही एरर म्हणतच नाही. टेस्ट हा वेगळा प्रोजेक्ट असतो. गोदाम दुकानाला लागून असलं तरी किल्ली लागतेच ना, तसंच.

म्हणून आधी बघा, कोणतं नाव सापडत नाहीये. तुमच्या स्वतःच्या क्लासचं, समजा ‘जीएसटी कॅल्क्युलेटर’चं असेल, तर टेस्ट प्रोजेक्टच्या डिपेन्डन्सीजवर राइट क्लिक, ऍड प्रोजेक्ट रेफरन्स, आणि बिलिंग प्रोजेक्टवर टिक. तरी लाल असेल तर फाइलच्या वर युझिंगची ओळ राहिली असेल. ‘टेस्टक्लास’, ‘टेस्टमेथड’ अशी नावं सापडत नसतील तर एमएसटेस्टचं पॅकेज नाहीये. सोल्युशनवर राइट क्लिक करून रिस्टोअर नुगेट पॅकेजेस करा. नेट लागेल, मोबाइलचा हॉटस्पॉट चालतो. रिस्टोअरनेही नाही गेलं तर पॅकेज यादीतच नाही, ते नुगेटमधून नव्याने टाका.

पण ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे उत्तर आलं तर? बहुतेक वेळा त्या पोराने ब्राउझ करून त्याच्या डी ड्राइव्हमधली डीएलएल जोडलेली असते. तो रस्ता आपल्या लॅपटॉपवर नाहीच. रेफरन्सवर पिवळा त्रिकोण दिसतो तो यामुळेच. तो रेफरन्स काढा आणि वर सांगितला तसा प्रोजेक्ट रेफरन्स द्या. बाहेरची लायब्ररी असेल तर नुगेटमधून घ्या. डीएलएल पेनड्राइव्हवर मागवून तात्पुरतं भागवू नका, पुढच्या अपडेटला परत तेच होणार.

आणखी एक, यात लोक फार अडकतात. रेफरन्स दिला तरी एनयू१२०१ येते. बिलिंग ऍप विंडोज फॉर्म्सचं असेल तर त्याचं टार्गेट ‘डॉटनेट ८ विंडोज’ असतं आणि टेस्टचं नुसतं ‘डॉटनेट ८’. साध्याला विंडोजवाला जोडता येत नाही. टेस्टचं टार्गेटही विंडोजवालं करा. माझं मत विचाराल तर कराचा हिशोब फॉर्ममधून काढून वेगळ्या क्लास लायब्ररीत ठेवायला सांगा. उद्या मोबाइल ऍप केलं तर तोच हिशोब तिथेही चालेल.

सीएस०१२२ आली तर मात्र रेफरन्स बरोबर आहे, क्लास पब्लिक नाहीये. पब्लिक करा, बिल्ड करा आणि टेस्ट एक्सप्लोररमध्ये रन ऑल दाबा. यानंतर एखादी टेस्ट लाल झाली तर ती खरी चूक. मग दर तपासायला बसा, ठिबकपासून सुरुवात करा.