अतिरक्तस्राव आणि शाळेची पेटी

अतिरक्तस्राव, म्हणजे जखमेतून रक्त न थांबता वाहणे किंवा चिळकांडीसारखे उडणे, हा डॉक्टरची वाट पाहू न देणारा प्रसंग होय. कारण मोठी धमनी, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी, कापली गेल्यास काही मिनिटांत प्राण जाऊ शकतो, आणि 25 किलो वजनाच्या मुलाच्या अंगात मुळात जेमतेम दोन लिटर रक्त असते. मुंबईतील खारदांड्यासारख्या कोळीवाड्यात मासळी कापताना बोट कापले तर हळद दाबून काम पुढे चालू राहते, आणि नेमकी हीच सवय मोठ्या जखमेच्या वेळी घात करते.

प्रस्तुत लेखकाने उपनगरातील एका शाळेत पाहिलेल्या प्रसंगी, खिडकीच्या काचेने एका विद्यार्थ्याचा हात मनगटाच्या वर खोल चिरला, तेव्हा प्रथमोपचार पेटी कपाटात कुलपात होती, किल्ली घेऊन लिपिक बँकेत गेलेले होते, आणि कुलूप तोडल्यावर हाती लागले ते वाळलेले टिंक्चर व थोडा कापूस. जो तो जखम पाहण्यासाठी रुमाल उचलत होता व दर वेळी धरू लागलेली गुठळी निघत होती. अखेर शाळेतील मावशींनी पदराची घडी जखमेवर ठेवून दोन्ही तळव्यांनी दाबली आणि तशाच त्या मुलासोबत रिक्षात बसल्या.

मावशींनी केले तेच शास्त्रशुद्ध होते: स्वच्छ कापड, थेट व अखंड दाब, भिजल्यास वर दुसरी घडी, आणि रुतलेली काच न उपसता तिच्या दोन्ही बाजूंनी दाब. हातापायाचे रक्त एवढ्याने न थांबल्यास टूर्निकेट, म्हणजे जखमेच्या चार बोटे वर, सांधा टाळून, पीळ देऊन आवळलेला रुंद पट्टा, बांधावा, वेळ लिहून ठेवावी आणि तो इस्पितळापर्यंत सैल करू नये. दोरीला पीळ देणे खारदांड्यात कोणाला शिकवावे लागणार नाही. मात्र बारीक दोरी मांसात रुतते, हे सांगावेच लागेल.

11 जुलै 2006 च्या लोकलगाड्यांतील 7 स्फोटांपैकी एक खार रोड व सांताक्रूझ यांच्या दरम्यान झाला, तेव्हाही मावशींप्रमाणे जवळचीच माणसे धावली; रुळांलगतच्या रहिवाशांनी चादरींच्या झोळीतून जखमी वाहिले. अमेरिकेतही 2012 च्या सँडी हुक शाळेतील हत्याकांडानंतर, 2015 पासून, सामान्य नागरिकांना रक्त थांबविण्याचे शिक्षण देण्याची मोहीम सुरू झाली. खारदांड्याच्या अरुंद गल्ल्यांत 108 ची रुग्णवाहिका दारापर्यंत येईलच असे नाही, म्हणून नाक्यावर कोणी उभे राहायचे हेही आधीच ठरलेले हवे. प्रशिक्षण, पट्टे, हातमोजे यांची तजवीज यथावकाश होईल. मुख्याध्यापकांनी पेटीचे कुलूप मात्र आजच काढावे.